मोठी मादी, लहान नर
आपल्या समाजात मुलगी मुलापेक्षा दोन बोटे उंच निघाली, की घराणे, शिक्षण, स्वभाव सारे जुळूनही बोलणी खुंटतात. गेल्या लग्नसराईत अशी एक चांगली सोयरीक मोडलेली मी पाहिली. नराने मोठे असावे हा निसर्गाचाच संकेत, असे वडीलधारी मंडळी सांगतात. पाखरांत मात्र असा सरसकट संकेत आढळत नाही.

फ्रिगेट हा उष्ण समुद्रांवरचा पक्षी. पावसाळी वादळात भरकटलेला एखादा मुंबई-कोकणच्या किनाऱ्यावरही येतो. याची मादी नराहून मोठी व वजनदार. विणीच्या काळात नर झाडाझुडपांवर बसून गळ्याची तांबडीलाल पिशवी फुग्यासारखी फुगवितात, पंख थरथरवितात. मादी वरून घिरट्या घालीत सर्वांना न्याहाळते आणि मनास येईल त्याच्याजवळ उतरते. निवड तिची! एकुलते अंडे दोघे उबवितात. पुढे पिलाला भरविण्याचा दीर्घ भार मात्र बहुतांशी तिच्यावरच. अल्बट्रॉसमध्ये उलट नर मोठा.

समुद्र आपल्याला दूर. पण रामाकोन्याच्या परिसरातला शिक्रा पाहावा. त्याचीही मादी मोठी. हा फरक का पडला, यावर पक्षिशास्त्रज्ञांचे अजून एकमत नाही. (सोयरीक जुळविणाऱ्यांना ती अडचण नसते!) एक तर्क असा, की लहान अंगाचा नर चपळ असल्याने पाखरे, सरडे पकडून आणतो आणि थोराड मादी घरट्याशी राहून अंडी-पिले राखते.