रिलीव्हर येणार असतो म्हणून

चंडीगडला पोस्टिंग आलं की दोन गोष्टी लगेच डोळ्यांत भरतात. एक म्हणजे पट्टीने आखल्यासारखे सेक्टर आणि दुसरी म्हणजे त्या सेक्टरांतल्या आयईएलटीएस क्लासच्या पाट्या. सेक्टर ३४ मध्ये तर कॅनडा, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया यांनी मजले वाटून घेतलेत की काय, असं वाटतं.

मध्यंतरी आई साताऱ्याहून आली होती. रक्तदाब अचानक वाढला म्हणून तिला इथल्या एका रुग्णालयात चार दिवस ठेवावं लागलं. रात्रपाळीची सिस्टर संगरूर जिल्ह्यातली. आईला पंजाबी येत नाही, तिला मराठी कळत नाही, तरी दोघींचं छान जमलं. तिसऱ्या रात्री मला औषधांच्या तक्त्याखाली इंग्रजी परीक्षेचं पुस्तक दिसलं. "सर, इंग्लंडला जायचंय," असं म्हणताना ती चोरी पकडल्यासारखी ओशाळली.

घरी येताना आई म्हणाली, "अशा गुणी पोरी निघून गेल्या तर इथं कोण राहायचं रे?" आपल्या मेसमध्ये हा विषय निघाला की ठरलेलं वाक्य येतं: 'देशाच्या पैशावर शिकतात आणि पळतात.' तेच माझ्या ओठांवर आलं होतं, पण मी गिळलं. एक तर ही मुलगी खाजगी कॉलेजात, वडिलांनी जमीन गहाण टाकून घेतलेल्या कर्जावर शिकली होती. आणि दुसरं, मला गोमा आठवलं.

२००९ मध्ये मी काँगोत, संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमेत होतो. उत्तर किवू प्रांतात आपली ब्रिगेड होती आणि गोमा शहरात आपल्या लष्कराचं रुग्णालय. आमच्या तुकडीचा दुभाषा फ्रेंच, स्वाहिली आणि कामापुरतं इंग्रजी बोलायचा. एकदा गस्तीवर एका बाईला रस्त्यातच कळा सुरू झाल्या. आम्ही गोंधळलो. हा मात्र शांतपणे हात धुऊन पुढे झाला आणि बाळंतपण करून मोकळा झाला. तेव्हा कळलं की तो शिकलेला नर्स होता. गावच्या दवाखान्यात त्याला सरकारी पगार महिनोन्महिने मिळत नसे. आमच्याकडे डॉलर मिळायचे, तेही ठरल्या तारखेला.

म्हणजे त्या दवाखान्याचा नर्स पळवला होता आम्ही. शांतता राखायला गेलेल्या आम्ही! त्यासाठी त्याला विमानात बसायचीही गरज पडली नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २००६ च्या अहवालात मांडलेला हिशेब आजही डोक्यातून जात नाही. जगातल्या आजारांचा २४ टक्के भार आफ्रिकेवर आणि आरोग्य कर्मचारी मात्र जगातले ३ टक्के. २०१० मध्ये याच संघटनेने भरतीची आचारसंहिता केली, पण ती ऐच्छिक. २०२३ मध्ये तिने ५५ देशांची यादी काढली; तिथून मुद्दाम माणसं ओढू नका, असं श्रीमंत देशांना सांगितलं. काँगो त्या यादीत आहे, भारत नाही. यादीमुळे ओढणारा कदाचित थांबेल. पण जाणाऱ्याने थांबावं असं काही गावात असायला हवं ना?

मलावीने ते करून पाहिलं. २००४ पासून ब्रिटनसह परदेशी मदतीने तिथे कर्मचाऱ्यांचे पगार ५२ टक्क्यांनी वाढवले आणि प्रशिक्षणाच्या जागाही वाढवल्या. २००९ पर्यंत कर्मचाऱ्यांची संख्या जवळपास दीडपट झाली. ज्या ब्रिटनकडे तिथल्या नर्सेस जात होत्या, त्याच ब्रिटनने एका हाताने घेतलं आणि दुसऱ्या हाताने थोडं परत दिलं, एवढाच त्याचा अर्थ. पण पगार वेळेवर आणि पुरेसा असला तर माणसं टिकतात, हे तिथे दिसलं.

आपल्याकडे मात्र पहिला उपाय सुचतो तो बॉण्डचा. महाराष्ट्रात सरकारी कॉलेजातून एमबीबीएस झालेल्याने एक वर्ष सेवा द्यायची, नाहीतर दहा लाख भरायचे, अशी पद्धत अनेक वर्षं होती. ज्याच्याकडे पैसे तो सुटतो आणि ज्याच्याकडे नाहीत तो दिवस मोजत बसतो. दिवस मोजणारा माणूस रुग्णाकडे काय बघणार?

आम्ही फौजी सियाचीनला जातो. लोकांना वाटतं निव्वळ देशभक्तीवर. देशभक्ती आहेच, पण तिच्यामागे व्यवस्थाही आहे. ग्लेशियरवरच्या चौकीत जवान साधारण तीन महिने असतो, मग त्याचा रिलीव्हर येतो. फील्डनंतर पीस पोस्टिंग मिळतं, जादा भत्ता मिळतो, मुलांच्या शाळेची सोय होते. मुख्य म्हणजे कठीण जागी गेलेला माणूस तिथेच विसरला जात नाही. उद्या मला सांगितलं, 'चौकीवर जा, रिलीव्हरचं नंतर बघू,' तर माझीही छाती किती दिवस पुढे राहील, देव जाणे.

गडचिरोलीतल्या किंवा आमच्या डोंगराकडच्या उपकेंद्रातल्या सिस्टरला आपण नेमकं हेच सांगतो. बदली कधी ते माहीत नाही, क्वार्टर गळकं, मुलांना शाळा नाही, कंत्राट अकरा महिन्यांचं. वर त्यागाचं प्रवचन. आयटीतल्या पोराला कुणी त्याग शिकवत नाही.

आमचं सगळं आलबेल आहे असं नाही. अधिकाऱ्यांची कमतरता आम्हालाही आहे आणि माझ्या कोर्सचे कितीतरी जण वर्दी उतरवून कंपन्यांत गेले. म्हणूनच सांगतो, आरोग्यसेवेलाही फील्ड आणि पीस अशी ठरलेली मुदत द्या. अवघड जागी काढलेल्या वर्षांना बढतीत वजन द्या. पगार एक तारखेला द्या. एवढं करूनही काही जण जातीलच. त्यांना खुशाल जाऊ द्यावं.

डिस्चार्जच्या दिवशी मी त्या सिस्टरला परीक्षेसाठी शुभेच्छा दिल्या. आईने तिच्या हातावर साताऱ्याचे कंदी पेढे ठेवले आणि मला म्हणाली, "हिच्या जागी कोण येणार आहे, तेवढं विचार."

मी विचारलं. अजून कोणी ठरलेलं नव्हतं.