हिरवा रंग आणि कोगनोळीचा नाका

‘आरोग्य सेतू’ आठवतंय ना? २ एप्रिल २०२० ला आलं आणि १३ दिवसांत ५ कोटी मोबाईलमध्ये जाऊन बसलं.

कल्पना चांगली होती, हे मी आजही म्हणतो. बेळगाव-कोल्हापूर एसटीत शेजारी बसलेल्याचं नाव आपल्याला ठाऊक नसतं. चार दिवसांनी तो पॉझिटिव्ह निघाला तर आपल्याला कळवणार कोण? आशाताईंच्या वहीत तो सापडणार नाही, आपल्याला आठवणारही नाही. ब्लूटूथच्या नोंदीत मात्र सापडू शकतो.

पण दोघांकडेही अ‍ॅप हवं, दोघांचंही ब्लूटूथ चालू हवं. इथेच सगळं अडतं. शंभरातल्या चाळीस जणांकडे अ‍ॅप असेल, तर समोरासमोर आलेल्या दोघांकडेही ते असण्याची शक्यता शंभरात सोळाच. आमच्या आजीच्या बटणवाल्या फोनचं तर विचारूच नका. मध्ये भिंत होती का, तोंडाला मास्क होता का, हेही ब्लूटूथला कळत नाही.

तरी १ मेच्या केंद्राच्या आदेशात ते नोकरदारांना सक्तीचं झालं. १७ मेला भाषा मवाळ झाली. कर्नाटकात होम क्वारंटाईनवाल्यांना तासातासाला सेल्फी पाठवायचा हुकूम होता. ह्याला साथ शोधणं म्हणायचं की हजेरी?

आणि २०२१ मध्ये कोगनोळी नाक्यावर मागितला गेला तो आरटीपीसीआरचा कागद. हिरव्या रंगावर कुणाची गाडी पुढे सरकत नव्हती.

पुढच्या साथीत असं अ‍ॅप आलं तर मी घेईन. फक्त आमची माहिती कधी पुसणार ते आधी लिहून द्या, आणि दारोदार फिरणाऱ्या आशाताईंचं मानधन वेळेवर द्या.