आशाताईंचा सत्कार पुरे, आता पगार द्या

बाळंतीण घरी आली की तपासायला पहिली कोण येते? डॉक्टर नाही, आशाताई. ती बाळाचे वजन करते, काखेत थर्मामीटर लावते, पूर्ण एक मिनिट श्वास मोजते. श्वास ६० किंवा त्याहून जास्त असतील, बाळ दूध ओढत नसेल किंवा अंग गार पडले असेल, तर ती त्याला लगेच दवाखान्यात पाठवते. आमची पाळी त्यानंतर येते.

हे काम किरकोळ समजू नका. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्याच बायकांना हे शिकवले. तीन वर्षांत तिथला नवजात मृत्युदर, तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानाने, सुमारे ६२ टक्क्यांनी घटला. हा अभ्यास १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. त्याआधी जामखेडला आरोळे दांपत्याने १९७० पासून निरक्षर बायकांनाही आरोग्यसेविका म्हणून घडवले होते. २००५ मध्ये 'आशा' योजना सुरू झाली.

पण सरकारी कागदावर ती कर्मचारी नाही, 'स्वयंसेविका' आहे. तिला पगार नाही. मानधन आणि कामागणिक मोबदला. घरी जाऊन नवजात बाळ तपासण्याची योजना २०११ मध्ये आली, तेव्हा ४२ दिवसांतल्या सहा भेटींचे मिळून २५० रुपये ठरले. म्हणजे एका भेटीचे ४२ रुपयेसुद्धा नाहीत!

"अहो, ही तर समाजसेवा," असे काही जण म्हणतात. मग मी फी घेतो ती कशाची? रुग्णवाहिकेत डिझेल कुणी सेवा म्हणून भरते का? सेवेचा आग्रह नेमका बाईच्याच कामाला का? आणि "दिवसाचे दोन-तीन तासच तर काम" म्हणणाऱ्यांनी सांगावे, बाळंतपणाच्या कळा वेळ विचारून येतात का?

स्त्रियांच्या आरोग्याचा कार्यक्रम स्त्रियांच्याच स्वस्त श्रमावर चालवायचा आणि त्याला महिला सक्षमीकरण म्हणायचे, ही फसवणूक आहे. आशांना कामगार माना, किमान वेतन आणि पेन्शन द्या, अशी शिफारस भारतीय श्रम परिषदेने २०१३ मध्येच केली. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्यांना गौरवले. गौरवपत्रावर किराणा मिळत नाही.

उद्या आशाताई घरी आली की तिला आत बसवा, पाणी द्या आणि विचारा, "ताई, पैसे वेळेवर मिळतात का?" उत्तर 'नाही' आले, तर पुढच्या ग्रामसभेत तो विषय तिला नव्हे, तुम्हाला मांडायचा आहे.