गिअर अडकला कुठे?



परवा मधल्या सुट्टीत आमच्या चौथीतल्या एका मुलाने मला विचारलं, "बाई, गाडीचा गिअर अडकतो म्हणजे नक्की काय अडकतं हो?" त्याच्या काकांची जुनी गाडी तीन दिवस गॅरेजमध्ये पडून होती आणि घरात सगळे एकमेकांवर चिडले होते. त्याला उत्तर द्यायला गेले आणि मला एकदम आमची फियाट आठवली. खरं सांगायचं तर फियाटपेक्षाही माझीच एक जुनी लबाडी आठवली.

१९९९ सालची गोष्ट. मी सहावीत होते. आम्ही इस्लामपूरला राहायचो. आमच्या आप्पांनी जुनी विकत घेतलेली एक प्रीमियर पद्मिनी होती. घरात आणि गल्लीत तिला सगळे फियाटच म्हणत, आणि त्यात फारशी चूक नव्हती. इटलीच्या फियाट ११०० या गाडीवरूनच ती बनवलेली होती. मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात ती तयार व्हायची. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून तुमच्या आईबाबांनी तिच्यातून प्रवासही केला असेल. तिथली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून निवृत्त झाली.

या गाडीची गंमत म्हणजे तिचा गिअरचा दांडा खाली दोन सीटच्या मध्ये नव्हता. तो स्टीअरिंगच्या खांबाला, चाकाच्या अगदी खाली बसवलेला असे. त्यामुळे पुढची जागा मोकळी राहायची आणि बाकासारख्या लांब सीटवर आप्पा, आजी आणि मी अशी तिघं ऐसपैस बसायचो.

एका रविवारी दुपारी सगळे झोपले होते. मी हळूच अंगणातल्या गाडीत जाऊन बसले आणि ड्रायव्हर झाले. "चला, सांगली, मिरज, मिरज!" एवढ्यात काल्पनिक घाट आला, म्हणून मी दांडा जोरात ओढला. क्लच वगैरे काही नाही, पाय पोचतच नव्हते. दांडा हलेना. मग मी दोन्ही हातांनी हिसका दिला. 'टक्' असा आवाज झाला आणि दांडा एकदम सैल पडल्यासारखा वाटला. मी घाबरून उतरले, दार न वाजवता लावलं आणि घरात जाऊन भूगोलाचं पुस्तक उघडून बसले.

(इथे थोडं थांबते. उभ्या गाडीत असं खेळणं म्हणजे निव्वळ वेडेपणा. गाडी उतारावर गिअरमध्ये उभी केलेली असेल आणि तुम्ही ती न्यूट्रलमध्ये आणलीत तर ती चालू लागते, आणि मग तुमच्याच्याने थांबत नाही. आमचं अंगण सपाट होतं, एवढंच माझं नशीब.)

दुसऱ्या दिवशी सकाळी आजीला घेऊन मिरजेला जायचं होतं. तिच्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. कितीतरी दिवसांनी तारीख मिळाली होती. आजी पहाटेपासून नवं लुगडं नेसून तयार! गाडी अंगणातून निघाली, पहिला पडला, दुसरा पडला, आणि स्टँडच्या अलीकडे गिअर जो अडकला तो अडकलाच. तिसऱ्यात जाईना, मागे न्यूट्रललाही येईना. आप्पांनी क्लच दाबून बघितला, गाडी बंद करून बघितली, घामाघूम झाले. शेवटी आजीला घेऊन एस.टी.ने गेले. पोचायला उशीर झाला. त्या दिवशीचा नंबर गेला आणि आठ दिवसांनंतरची तारीख मिळाली.

आणि मी? मी गप्प.

आता तो गिअर कसा चालतो ते बघू, म्हणजे पुढची गोष्ट नीट कळेल. गिअरच्या सायकलवर चढ चढताना तुम्ही हलका गिअर टाकता ना? गाडीचंही तसंच. गिअरबॉक्स नावाच्या लोखंडी पेटीत लहानमोठ्या दातेरी चाकांच्या जोड्या असतात. आत बेचकीच्या आकाराचे काटे असतात. काटा सरकला की तो एका कड्याला ढकलतो आणि ते कडं हव्या त्या चाकाला जाऊन अडकतं. झाला गिअर! पण इंजिनाचा जोर चालू असताना हे कडं सहजी सरकत नाही. म्हणून आधी क्लच दाबायचा. क्लच इंजिनाचा आणि गिअरबॉक्सचा हात क्षणभर सोडवतो.

दांडा तुमच्या हाताशी आणि गिअरबॉक्स पार खाली, मग निरोप पोचवायचा कोणी? मधल्या सळया आणि जोड ते काम करतात. आमच्या फियाटीसारख्या गाडीत दांड्याच्या दोन हालचाली असतात. दांडा आपल्याकडे ओढला किंवा पलीकडे ढकलला की कुठला काटा हलवायचा ते ठरतं. मग वर किंवा खाली केला की तो काटा सरकतो. या सळयांच्या टोकांना रबराच्या किंवा प्लॅस्टिकच्या छोट्या बांगड्या असतात, त्यांना मिस्त्री लोक बुश म्हणतात. बुश झिजला की जोड खुळखुळा होतो. हाताने दांडा पूर्ण ओढलेला असतो, पण खाली निरोप अर्धाच पोचतो.

आणि अर्धा निरोप फार वाईट. कारण मग ढकलणारं बोट दोन काट्यांच्या बरोबर मध्ये येतं आणि दोघांनाही एकदम हलवायला बघतं. एका वेळी दोन गिअर पडले तर पेटीतले दाते मोडतील, म्हणून आत एक कुलूपच ठेवलेलं असतं. ते एका वेळी एकच काटा हलू देतं. मग सगळंच जाम! तुम्ही वरून कितीही जोर लावा, तुम्ही त्या कुलपाशीच भांडत असता.

तर, गाडी ढकलत जवळच्याच एका गॅरेजमध्ये नेली. तिथल्या माणसाने बॉनेटसुद्धा उघडलं नाही. दांडा दोनदा हलवून बघितला आणि म्हणाला, "गिअरबॉक्स गेलाय. उतरवावा लागेल." त्याने सांगितलेला खर्च ऐकून आप्पा घरी आले ते न जेवताच झोपले. आई म्हणाली, गाडी विकूनच टाकू. मी पांघरुणात डोकं घालून सगळं ऐकत होते.

तिसऱ्या दिवशी आप्पांनी पेठेतल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीकाकांना बोलावलं. मीही मागोमाग गेले. काकांनी हत्यारांच्या पेटीला हातच लावला नाही. आधी प्रश्न सुरू केले.

"आप्पा, इंजिन बंद असताना पडतोय का गिअर?"

"नाही. बंद असतानाही जामच आहे."

"मग क्लचचा दोष नसणार," काका म्हणाले. का ते सांगते. इंजिन बंद असताना गिअर लोण्यासारखे पडतात आणि चालू केल्यावर अडतात किंवा करकरतात, तर समजायचं की क्लच पुरता सुटत नाहीये. पेडलची मोकळी चाल फार वाढलेली असली तरी असं होतं. पण इंजिन बंद असतानाही गिअर जाम असेल, तर दोष वरच्या सळयांत किंवा खालच्या पेटीत. (उभ्या गाडीत एखादा गिअर कधीकधी उगाचच पडत नाही, कारण दात दातावर येतो. तेव्हा न्यूट्रलमध्येच क्लच सोडून पुन्हा दाबायचा. हा काही बिघाड नव्हे.)

"थंडीत सकाळी जड जायचा का? मग गाडी तापल्यावर सैल?" तसं होत असेल तर वंगण सुकलेलं किंवा तेल फार घट्ट झालेलं असतं. आप्पा म्हणाले, तसंही नाही.

"मग आदल्या दिवशी काय झालं होतं?"

"काही नाही. गाडी नुसती अंगणात उभी होती."

काका माझ्याकडे बघत होते असं मला वाटलं. कदाचित नसतीलही बघत. पण मला राहवलं नाही. रडत रडत मी सगळं सांगितलं. हिसका, आवाज, सैल झालेला दांडा, सगळं.

आप्पा काहीच बोलले नाहीत. काका मात्र एकदम खूश झाले! "टक् झालं म्हणतीस? वर झालं का खाली?"

"वर. स्टीअरिंगच्या खांबात कुठंतरी."

"मग पेटी कशाला उतरवायची?" त्यांनी चाकांना विटा लावल्या, बॉनेट उघडलं आणि खांबाच्या खालच्या टोकाशी हात घातला. एक सळई सोडवली आणि गिअरबॉक्सचा छोटा हात नुसत्या बोटांनी हलवून बघितला. खट्, खट्. दुसऱ्यातून गिअर सुटला. म्हणजे पेटी ठणठणीत होती. सळईच्या टोकाचा बुश फाटून त्याचा अर्धा तुकडा गळून गेला होता आणि भोक लांबट झालं होतं.

"हा लई दिवसांचा झिजलाय," काका आप्पांना म्हणाले. "आज ना उद्या जाणारच होता. पोरीनं हिसका दिला, एवढंच." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "पण तू परवाच बोलली असतीस तर आप्पांना दोन रात्री झोप लागली असती की गं."

ते जोड रॉकेलने धुतले, नवे बुश घातले, ग्रीस लावलं. मग दांडा न्यूट्रलमध्ये धरून दोन्ही सळयांची लांबी जुळवली. हे जुळवणं महत्त्वाचं, नाहीतर नवे बुश घालूनही पुन्हा अर्धाच निरोप जातो. तासाभरात काम झालं. एकेका बुशाची किंमत वहीपेक्षा जास्त नव्हती.

ज्यांच्या घरी जुनी गाडी आहे अशा पालकांना एकच विनंती. गिअर जड जायला लागला की त्याला दंडाची ताकद दाखवू नका. बिचारे काटे वाकतात, आणि मग मात्र खरोखरच पेटी उतरवावी लागते. इंजिन बंद करून बघा, चालू करून बघा, आणि जे दिसेल ते मिस्त्रीला जसंच्या तसं सांगा. गाडीखाली जायची वेळ आलीच तर नुसत्या जॅकवर विसंबू नका. आणि मुलांनो, तुम्ही बाहेरून बॅटरी धरा, पाने हातात द्या, प्रश्न विचारा. हेही काम कमी नसतं.

पुढच्या सोमवारी आम्ही पुन्हा मिरजेला निघालो. मला वाटलं होतं, आप्पा मला घरीच ठेवतील. पण त्यांनी पुढचं दार उघडलं आणि म्हणाले, "बस." आष्टा येईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. मग तिसरा गिअर टाकताना म्हणाले, "हात ठेव इथं." मी त्यांच्या हातावर हात ठेवला. दांडा अलगद गेला. मधे बसलेली आजी म्हणाली, "अरे, पुढं बघ की, म्हैस आहे!" ऑपरेशनच्या आधीसुद्धा तिला म्हशी बरोबर दिसायच्या.

तो फाटका बुश माझ्याकडे अजून आहे. दरवर्षी नव्या वर्गात मी तो मुलांच्या हातात देते आणि विचारते, ओळखा बघू काय आहे? यंदा एकीने वास घेऊन सांगितलं, "बाई, ही खोडरबराची बांगडी आहे."