झाकली मूठ आणि उघडा हिशेब

नेदरलँड्समध्ये मोबाइलवर व संगणकावर पैसे लावून खेळावयाचा जुगार १ ऑक्टोबर २०२१ पासून सरकारी परवान्याने सुरू झाला. त्या वेळी सरकारने दिलेले कारण ऐकावयास समंजस होते. लोक खेळणार तर आहेतच. मग त्यांनी चोरवाटेने परदेशी अड्ड्यांकडे जाण्यापेक्षा देखरेखीखाली खेळावे, म्हणजे आहारी जाणाऱ्याला वेळीच अडवता येईल. नुकसान कमी करणे हा हेतू असेल, तर नुकसान किती कमी झाले याचा हिशेब मागणे हा नागरिकाचा हक्कच ठरतो. तो हिशेब कसा मांडला गेला, हे पाहण्यासारखे आहे.

तीन वर्षांत किमान ८० टक्के खेळाडू परवानाधारकांकडे यावेत, असे उद्दिष्ट ठरले होते. २०१२ साली स्थापन झालेले तेथील जुगार प्राधिकरण दर सहा महिन्यांनी अहवाल काढते, आणि त्यांतील आकडे उद्दिष्टाच्या बरेच पुढे होते. नव्वद टक्क्यांहून अधिक खेळाडू कायदेशीर ठिकाणी खेळतात, असे सांगितले जात होते. मग २०२५ च्या वसंत ऋतूतील अहवालात प्राधिकरणाने मोजणीची रीत बदलली. डोकी मोजली तर नव्वदाहून अधिक टक्के हे उत्तर कायम राहिले. पण पैसा मोजला तेव्हा जवळजवळ निम्मा पैसा बेकायदा अड्ड्यांकडे जात असल्याचा अंदाज निघाला.

दोन्ही आकडे एकाच वेळी खरे असू शकतात, आणि गोम नेमकी तेथेच आहे. महिन्याला दहा-वीस युरो लावणारे पुष्कळ लोक कुंपणाच्या आत आहेत. घर, पगार आणि उसनवार सारे पणाला लावणारे मात्र थोडे असले तरी कुंपणाबाहेर आहेत. ज्यांच्यासाठी कुंपण घातले, तेच बाहेर राहिले. केवळ पहिला आकडा पाहणारा म्हणेल की धोरण यशस्वी झाले. दुसरा पाहणारा म्हणेल की ते अर्धेच साधले. कोणता आकडा पुढे करावयाचा, हा प्रश्न म्हणूनच केवळ गणिताचा राहत नाही.

प्राधिकरणाने हा अडचणीचा आकडा स्वतःहून प्रसिद्ध केला, याबद्दल त्याला श्रेय दिलेच पाहिजे. बेकायदा व्यवहार कोणी वहीत लिहून ठेवत नाही, त्यामुळे हा अंदाज आहे, हेही मान्य. परंतु या एका आकड्यावरून दोन विरुद्ध निष्कर्ष काढले जात आहेत. १ ऑक्टोबर २०२४ पासून महिन्याला ७०० युरोंहून अधिक, आणि २४ वर्षांपर्यंतच्या तरुणांनी ३०० युरोंहून अधिक रक्कम भरावयाची झाल्यास, ती त्यांना परवडते का हे कंपनीने तपासणे बंधनकारक झाले. अशा मर्यादांनीच गिऱ्हाईक बाहेर पळाले, असे धंदेवाले म्हणतात. पळालेला गिऱ्हाईक हाच तर खरा रोगी होता, असे मर्यादांचे समर्थक म्हणतात. कोण बरोबर, हे ठरवावयाचे तर आकड्यामागची मोजणीही जनतेसमोर यावयास हवी.

सरकार येथे तटस्थ पंचही नाही. १७२६ पासून चालत आलेली स्टाट्सलोटेरी ही लॉटरी ज्या कंपनीकडे आहे, तिची बहुतांश मालकी सरकारकडे आहे. हॉलंड कॅसिनोही सरकारचाच. जुगारावरील कर ३०.५ टक्के होता. तो १ जानेवारी २०२५ ला ३४.२ आणि १ जानेवारी २०२६ ला ३७.८ टक्के झाला. ज्याच्या तिजोरीत या खेळातून पैसा येतो, त्यानेच खेळापासून होणारे नुकसान मोजावयाचे, अशी ही व्यवस्था आहे. आम्ही कोणाच्या हेतूवर शंका घेत नाही. पण ‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ हा मोह अशा वेळी कोणालाही होतो.

आपल्याकडे हा मोह कसा निभावला गेला, हे पाहा. हॉलंडमधील पहिला सरकारी कॅसिनो झांडवोर्ट येथे १९७६ साली उघडला. त्याच १९७६ साली महाराष्ट्रात कॅसिनोंवर नियंत्रण व कर बसविणारा कायदा झाला. तो कधी अमलातही आला नाही आणि रद्दही झाला नाही. ४७ वर्षे कपाटात पडून राहिला आणि २०२३ साली रद्द झाला. इकडे मुंबईचा मटका बेकायदा असूनही त्याचे आकडे नाक्यानाक्यावर कळत. किती संसार त्यात बुडाले याचा आकडा मात्र सरकारदरबारी कधी लागला नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये भारताने पैशाच्या ऑनलाइन खेळांवर सरसकट बंदीचा कायदा केला. बंदी योग्य की परवाना योग्य, हा वाद स्वतंत्र आहे. परंतु बंदी घातली म्हणजे मोजावयाचे कारण उरले नाही, असे मात्र होता कामा नये.

नेदरलँड्सला निदान साधनांची उणीव नाही. प्रत्येक परवानाधारकाला खेळाच्या सर्व नोंदी, खेळाडूचे नाव झाकून, प्राधिकरणाला तपासता येईल अशा माहितीसाठ्यात ठेवाव्या लागतात. माहिती मागण्याचा हक्क देणारा नवा कायदाही १ मे २०२२ पासून लागू आहे. त्यात उत्तरासाठी चार आठवडे व फार तर आणखी दोन आठवडे अशी मुदत आहे. मग कंपन्यांच्या उत्पन्नाचा किती हिस्सा मोठ्या रकमा हरणाऱ्या मूठभरांकडून येतो, मर्यादा लागू झाल्यावर त्यांचे काय झाले, हे नेमाने प्रसिद्ध करण्यास काय हरकत आहे? फेब्रुवारी २०२५ मध्ये त्या खात्याचे तत्कालीन राज्यसचिव स्ट्रायकेन यांनी संसदेला पत्र लिहून, यापुढे नागरिकाचे संरक्षण हेच धोरणाचे मुख्य सूत्र राहील, असे सांगितले. तसे असेल तर यशाचे मापही बदलले पाहिजे. किती लोक कुंपणात आले, याऐवजी किती लोक वाचले, हे विचारले पाहिजे.

अॅम्स्टेल्वेन, आइंडहोवेन, हेग येथील आपल्या लोकांना हा विषय परका वाटू नये. नोकरीसाठी एकटे राहणारे तरुण, हातातला मोबाइल आणि कोणाला सांगण्याची लाज, एवढे भांडवल या व्यसनाला पुरते. अशांसाठी तेथे ‘क्रुक्स’ ही नोंदवही आहे. तीत स्वतःचे नाव घातले की परवान्याच्या सर्व ऑनलाइन खेळांचे, कॅसिनोंचे आणि जुगारयंत्रांच्या दालनांचे दार किमान सहा महिने बंद होते. माणूस स्वतः तयार नसेल, तर जवळच्या नातलगालाही त्याच्यासाठी प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो. पण ही नोंदवही फक्त परवान्याची दारे बंद करते. बाकीची उघडीच राहतात. निम्मा पैसा त्या उघड्या दारांनी जात असेल, तर ते घरच्यांना वेळेवर कळले पाहिजे. सरकारच्या हिशेबाची गरज सर्वांत आधी त्यांनाच आहे.