जिद्दीने कूस बदलत नाही

‘घरच्यांची जिद्द असेल तर अर्धांगवायूचा रुग्ण उभा राहतोच’ हे गेल्या अंकातील पत्रलेखकाचे म्हणणे अर्धेच खरे आहे. झटका आल्यापासून साडेचार तासांच्या आत मेंदूतली गुठळी विरघळवणारे इंजेक्शन मिळायला हवे, हे आता पुष्कळांना ठाऊक असते. डिस्चार्जनंतरचे कोण सांगतो? अर्धांगवायू झालेल्या माझ्या सासऱ्यांना पाण्याच्या घोटाने ठसका लागे. ताठ बसवून, दाटसर करून, चमच्याचमच्याने पाजा, हे सिस्टरांनी दोन मिनिटांत, तेही चालता चालता दाखवले. बिचाऱ्यांकडे अख्खा वॉर्ड होता. दर दोन तासांनी सासऱ्यांची कूस बदलून सासूबाईंची कंबर धरली, तिची नोंद कोणत्याच केसपेपरवर नाही. डिस्चार्जआधी घरच्यांना अर्धा तास शिकवा आणि तो अर्धा तास सिस्टरांच्या ड्युटीत धरा, एवढीच रुग्णालयांना विनंती.

– एक वाचक, मिरज