'कायम' म्हणजे काय?

माझा एक जुना विद्यार्थी परवा आईला घेऊन ग्रामीण रुग्णालयात गेला. तिला स्किझोफ्रेनिया आहे. उत्तर मिळालं, "गोळ्या संपल्यात, जिल्ह्याला जा." म्हणजे एसटीचं भाडं गेलं आणि दिवसाची मजुरीही बुडाली.

देशात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ पासून आहे. २०१७ चा कायदा तर म्हणतो, यादीतली औषधं ग्रामीण रुग्णालयापासून वरच्या सगळ्या सरकारी रुग्णालयांत कायम मोफत मिळाली पाहिजेत. 'कायम'चा अर्थ चौथीतल्या पोरालाही कळतो! २०२२ पासून टेलि-मानसचा १४४१६ हा नंबर आहे, चांगलंच आहे. पण फोनमधून गोळी येत नाही.

हे रुग्ण मोर्चा काढत नाहीत, म्हणून त्यांचंच कपाट रिकामं ठेवायचं?

मंडळी, आपापल्या गावी एकदा विचारून या. मी लेखी अर्ज देतोय.